एका बाजूचा भुसा

थोरल्याने जन्मात दारूला तोंड लावलं नव्हतं, आणि गावात त्याच्याइतकं झिंगत चालणारं माणूस दुसरं नव्हतं. पाय फाकून टाकायचा, डुलत्या होडीत उभा असल्यासारखा. वळायचं झालं की आधी थांबायचा, भिंत नाहीतर खांब हाताशी धरायचा, मग अंग वळवायचा आणि मग पाय. बोलणंही जड, लांबलेलं. नवखा माणूस नाक पुढे करून वास घ्यायचा. जुना माणूस तेवढेही कष्ट घेत नसे. "बापाचंच पोरगं," म्हणायचा आणि आपल्या वाटेने जायचा.

बाप असाच चालायचा. त्याला गावाने बेवडा म्हणून जगवलं आणि बेवडा म्हणूनच पोचवलं. दोघं भाऊ लहानपणी तो समोरून दिसला की गल्ली बदलायचे. पुढे थोरल्याचेच पाय ऐकेनासे झाले, तेव्हा शहरातल्या डॉक्टरने त्याला एका रेघेवर टाचेला चवडा लावून चालायला लावलं, डॉक्टरचं बोट आणि स्वतःचं नाक आलटून पालटून शिवायला लावलं, आणि मग सांगितलं. डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो, तोल सांभाळणारा. तो झिजत चाललाय. वडिलांकडून आलंय. औषध नाही. व्यायाम करा, काठी वापरा, पडू नका.

"पडू नका हे सांगायला एवढा शिकला," थोरला बाहेर येऊन बायकोला म्हणाला. ती हसली नाही.

डॉक्टरने धाकट्यालाही तपासून घ्यायला सांगितलं होतं. धाकटा म्हणाला, "मला काय धाड भरलीय?" आणि विषय संपवला. आजार घोड्याच्या पावलांनी येतो म्हणतात. हा मुंगीच्या पावलांनी आला होता, म्हणून तर कुणी त्याच्याकडे बघितलं नाही.

घराचा धंदा करवतीचा. नदीकाठच्या उतारावर माणूसभर खोल, अरुंद खड्डा, त्यावर आडवा ओंडका, ओंडक्यावर एक माणूस उभा, खड्ड्यात दुसरा, आणि दोघांच्या मध्ये उभी लांब करवत. वरचा मारलेल्या सुताच्या काळ्या रेघेवर नजर ठेवून करवत चालवतो. खालच्याला रेघ दिसत नाही, फळी दिसत नाही, वर बघायची सोय नाही. त्याने ओढायचं आणि भुसा खायचा. थोरला वरचा आणि त्याची बायको खालची. लग्न झाल्यापासून त्यांचं असंच चाललेलं. वरून त्याची टाच जराशी दाबली गेली की ओंडक्याच्या कण्हण्यावरून तिला कळायचं, आता गाठ आलीय, आता हलकं ओढायचं. घरात दोघं फारसं बोलत नसत. सगळं बोलणं करवतीवर होऊन जायचं.

मध्यंतरी लाकूड कापायच्या गिरण्या आल्या आणि खड्ड्यात गवत वाढलं. मग या वर्षीच्या वादळाने काठावरची झाडं आडवी केली आणि नदीवरचा पूलही नेला. पलीकडच्या गिरणीत ओंडके न्यायचे कसे? पुलाला फळ्या हव्यात, फळ्यांना गिरणी हवी, गिरणीला पूल हवा. पुलाच्या कामाचा मुकादम डोकं खाजवत थोरल्याच्या दारात आला. पाणी चढायच्या आत फळ्या पाहिजे होत्या, सरळ, एका जाडीच्या. थोरल्याने खड्ड्यातलं गवत काढलं, करवत उतरवली, आणि पहिल्याच ओंडक्यावरून पडला.

नुसता पडला असता तर चाललं असतं. पडताना त्याच्या हातून मूठ सुटली आणि करवत बायकोच्या खांद्याला घासून खड्ड्याच्या भिंतीत रुतली. ती वर आली, खांद्यावर फडकं दाबलं, आणि म्हणाली, "आता तुम्ही वर चढायचं नाही." आवाज चढवून म्हणाली असती तर भांडता आलं असतं.

म्हणून वीटभट्टीवरून धाकट्याला बोलावलं. धाकटा आला, ओंडक्यावर चढला. पहिला दिवस अडखळला, दुसऱ्या दिवशी सावरला, आणि आठवडा व्हायच्या आत करवत अशी चालायला लागली की काठावर कपडे धुणाऱ्या बायकासुद्धा त्या ठेक्यावर कपडे आपटू लागल्या.

थोरला काठावरच्या बुंध्यावर बसायचा. त्याच्याकडे करवतीला धार लावायचं काम उरलं होतं, तेवढंच. ते मात्र कुणाला देत नव्हता. करवत गुडघ्यांत आवळायची, कोपरं बरगड्यांना चिकटवायची, श्वास रोखायचा आणि मग कानस चालवायची. थरथरणारा हात असा चहूबाजूंनी कोंडून घातला की निमूट काम करायचा. धार झाली की खाचेच्या पट्टीत एकेक दात धरून एक डावीकडे, एक उजवीकडे वाकवायचा. ही दातांची फाक दोन्ही बाजूंना सारखी पाहिजे. कमीजास्त झाली तर करवत जास्त फाकलेल्या बाजूला ओढ घेते, मग वरचा कितीही पट्टीचा असो.

बाकी वेळ तो बघत बसायचा, आणि बघणं वाईट. धाकट्याचे पाय बघायचा. अनवाणी, ओंडक्याच्या गोलाईवर कावळ्यासारखे बसलेले. एका पायावरचा भार दुसऱ्यावर न्यायचा, तर मधे विचार म्हणून नाही. मूर्खाला माहीतही नव्हतं आपण काय करतोय ते. एकदा तर ओंडक्यावर उभ्याउभ्याच पाय उचलून त्याने तळव्यातलं कुसळ काढलं. तळपायाला खाज सुटली की भिंत शोधावी लागते माणसाला, आणि हा बघा.

त्याहून वाईट म्हणजे दोघं बोलायचे. करवतीवर.

"वहिनी, झोपलीस काय?"

"तुम्हीच वर पेंगताय भावजी. बायको आली की जागे व्हाल."

धाकट्याचं लग्न ठरलं होतं, पलीकडच्या काठावरच्या एका मुलीशी. पूल झाला की लग्न. त्यावरून ती त्याला दिवसभर छळायची, आणि खड्ड्यातून तिचं हसू वर यायचं. थोरला आठवून बघायचा, आपल्या वेळी ती खड्ड्यात कधी हसली होती का. आठवायचं नाही. भावजय आणि दीर, त्यात वावगं काही नव्हतं हे त्यालाही कळत होतं. वावगं असतं तर बरं झालं असतं, निदान कुणाला सांगता तरी आलं असतं. ठेका चांगला जमतोय म्हणून मला झोप येत नाही, हे माणसाने कुणाच्या दारात जाऊन सांगावं?

एका दुपारी करवत थांबली. तिच्या डोळ्यात भुसा गेला होता. धाकटा खड्ड्यात उतरला, फडक्याचं टोक जिभेने ओलं केलं, तिची हनुवटी वर केली आणि अलगद टिपून काढलं. "झालं," म्हणाला, आणि उडी मारून वर चढला.

एवढंच. पण ते काम थोरल्याचं होतं. इतक्या वर्षांत तिच्या डोळ्यातलं कुसळ दुसऱ्या कुणी काढलं नव्हतं. मागच्या वर्षी त्याने काढायला घेतलं, तेव्हा बोट भलतीकडे गेलं आणि तिच्या बुबुळाला लागलं. ती दोन दिवस डोळा मिटून होती. तेव्हापासून ती स्वतःच चोळायची. त्याला वाटलं होतं, ते काम मोकळं ठेवलंय तिने, त्याच्या नावाने. तसं काही नव्हतं. दुसरा हात सापडला नव्हता, इतकंच.

दोघं जेवायला घरी गेली. थोरला म्हणाला, धार लावून येतो. त्याने करवत गुडघ्यांत घेतली, पट्टी उचलली, आणि डाव्या बाजूचे दात एकेक करून जरासे, अगदी नखभर, जास्त बाहेर काढले. त्या वर्षात त्याचा हात इतका सरळ चालला नव्हता. एकदासुद्धा थरथरला नाही.

दुपारनंतर करवत रेघ सोडायला लागली. धाकट्याने अंग तिरपं केलं, मूठ फिरवली, पाचर ठोकून बघितली. करवत ऐकेना. संध्याकाळी फळी निघाली, ती एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ. मुकादमाने डोळा बारीक करून तिच्या कडेवरून बघितलं.

"ही काय फळी आहे? पुलावर टाकायची की पाळण्याला लावायची?"

थोरला बुंध्यावरून म्हणाला, "नवा आहे तो. शिकेल." बोलताना त्याला इतकं बरं वाटलं, की अंगातून ऊब फिरल्यासारखं झालं.

"करवत बघितली का?" मुकादमाने विचारलं.

"करवत दादाने लावलीय," धाकटा म्हणाला. "नाचता येईना अंगण वाकडं, असं कशाला म्हणू? माझंच काहीतरी चुकतंय."

बायको खड्ड्यातून वर येत होती. तिने अंगावरचा भुसा झटकला आणि थोरल्याकडे नुसतं बघितलं. त्याने मान खाली घातली आणि कानस पुसायला घेतली.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. धाकट्याचं बोलणं बंद झालं, खड्ड्यातलं हसूही बंद. थोरल्याला हवं होतं ते झालं, आणि तो ते पोटभर बघत बसला. संध्याकाळी धाकटा काम टाकून त्याच्या शेजारी बुंध्यावर येऊन बसला. पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला.

"दादा, तुला पहिल्यांदा कसं कळलं?"

"काय कसं?"

"हे." धाकट्याने त्याच्या पायांकडे हनुवटी केली. "सुरुवात कशी झाली?"

थोरल्याला आधी समजलं नाही. मग समजलं, आणि पहिल्या क्षणी, खोटं कशाला बोलायचं, त्याला आनंदच झाला. ये, म्हणालं मन, ये तूही. ते कावळ्याचे पाय घेऊन ये. आणि तो सांगत सुटला. अंधारात जिना उतरताना पायरी सापडेनाशी होते. भरलेला पेला तोंडाशी नेताना सांडतो. कुणी मागून हाक मारली आणि वळलो की जमीन क्षणभर मागे राहते. धाकटा एकेक ऐकत होता आणि त्याचा चेहरा उतरत होता.

"पेला परवा माझाही सांडला," तो म्हणाला.

आता पेला कुणाचा सांडत नाही? पण माणूस घाबरला की स्वतःच्या सावलीतही दुखणं शोधतो. धाकटा उठला, थोडा पुढे गेला आणि पाठमोरा उभा राहून, कुणी बघत नाही असं समजून, टाचेला चवडा लावत जमिनीवर चालू लागला. दोन्ही हात बाजूला पसरलेले. चौथ्या पावलाला डगमगला. उतारावर कुणीही डगमगेल. थोरल्याने ते बघितलं आणि त्याला बाप आठवला, गल्लीच्या तोंडाशी भिंत धरून उभा असलेला, आणि गल्ली बदलणारी दोन पोरं.

सकाळी तो उठला तेव्हा धाकटा धुतलेला शर्ट घालून निघाला होता.

"कुठे चाललास?"

"पलीकडे. मुलीच्या घरी सांगून येतो, लग्न नको म्हणून." दाराची कडी काढता काढता म्हणाला. "तुझं बघतोय ना आम्ही. वहिनी सगळं काढतेय. दुसऱ्या कुणाच्या पोरीच्या गळ्यात हे कशाला बांधू? आणि फळ्यांसाठी दुसरा माणूस बघ. माझ्या हातून वहिनीच्या डोक्यात करवत पडायची एखाद दिवशी."

तो गेला. थोरला उभा राहिला. अजूनही गप्प बसता आलं असतं. धाकटा जाईल, परत भट्टीवर राबेल, ओंडक्यावर पुन्हा कुणीच नसेल, खड्ड्यात कुणी हसणार नाही. त्याने पुन्हा पुन्हा हेच मागितलं होतं. मग त्याने काठी घेतली आणि मागोमाग निघाला.

उतारावर त्याचं धाकट्याशी अंतर वाढतच गेलं. हाक मारायची तर चालणं थांबवावं लागायचं, दोन्ही एकदम होत नव्हतं. त्याने थांबून हाक मारली, धाकट्याला ऐकू गेली नाही. मग त्याने चालता चालताच हाक मारली, आणि जे व्हायचं ते झालं. काठी एकीकडे, तो एकीकडे. चिखलातून घसरत होडीच्या खुंट्यापर्यंत गेला. होडीवाला वल्ही लावत होता. त्याने वळून बघितलं.

"आज सकाळीच?" होडीवाला म्हणाला.

होडीतली माणसं हसली. धाकटा उडी मारून खाली आला, भावाला काखेत धरून उठवायला लागला. थोरल्याने त्याचा शर्ट धरला आणि चिखलातच बसून राहिला.

"तुला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "करवत वाकडी आहे. दात मी वाकवलेत."

धाकट्याने त्याच्या तोंडावरचा चिखल हाताने पुसला. "हात हलला असेल, दादा. होतं."

किती सोपी वाट होती. भाऊ स्वतः दार उघडून उभा होता. हो, हलला, एवढंच म्हणायचं.

"हात नाही हलला," थोरला म्हणाला. "हात सरळ होता. मी केलं. डाव्या बाजूचे सगळे."

"का?"

"तू वर उभा राहतोस म्हणून."

धाकट्याने मग मान हलवली. "मला बरं वाटावं म्हणून बोलतोस. लग्न मोडू नये म्हणून." आणि त्याचे डोळे भरून आले. "असं नको करूस, दादा. तू स्वतःच्या अंगावर घेतलंस म्हणून माझे पाय सुधारणार आहेत का?"

आयुष्यात एकदा खरं बोलावं, तर ते असं मोठेपणात जमा होतं. थोरल्याला स्वतःचीच किळस आली. शिव्या खाल्ल्या असत्या तर सोसल्या असत्या, हे सोसेना.

"खड्ड्यावर चल," तो म्हणाला. "होडी पुढची घे."

खड्ड्यापाशी बायको आली होती, काम नाही म्हणून पाचरी गोळा करत होती. थोरला बुंध्यावर बसला, करवत गुडघ्यांत आवळली आणि दोघांच्या देखत एकेक दात मागे आणला. त्या दिवशी हात मात्र थरथरत होता. पट्टी दोनदा निसटली, बोटाला लागलं, रक्त आलं. धाकट्याने पट्टी घ्यायला हात पुढे केला. बायको म्हणाली, "करू दे त्यांना."

दात झाले, तेव्हा ती फडकं तोंडाला बांधायला लागली. थोरला म्हणाला, "तू नको. खाली मी उतरतो. तू काठावरून बघ, म्हणजे कुणाला शंका नको."

तो बसून, घसरत खड्ड्यात उतरला. करवत ओढायला तो इथे आजवर कधी उभा राहिला नव्हता. वरच्याला खाली काय काम? खड्डा अरुंद होता. पाठ एका भिंतीला टेकली, गुडघे दुसऱ्या भिंतीला लागले, आणि त्याच्या लक्षात आलं, आपण उभे आहोत. काठीशिवाय, कुणी न धरता. पडायला इथे जागाच नव्हती. वरून करवतीची मूठ आली, त्याने धरली. डोक्यावर धाकट्याचे तळवे दिसत होते, कडेला चिखल लागलेले.

"ओढ," धाकटा म्हणाला.

त्याची ओढ काही सारखी नव्हती. कधी झटका, कधी ढिलाई. ठेका असा काही नव्हताच, आणि धाकटा वरून निमूट सांभाळून घेत होता. भुसा डोक्यावर, पापण्यांवर, ओठांवर पडत होता. त्याला वाटायचं, भुसा म्हणजे काय, फुंकर मारली की गेला. तो घशात जात होता, घामाला चिकटून खाजत होता, आणि खाजवायला हात मोकळा नव्हता. ही बाई इतकी वर्षं हे खात होती, आणि तो वरून म्हणायचा, जरा जोराने ओढ.

बऱ्याच वेळाने बायकोचा आवाज आला. "सरळ आहे. रेघेवर आहे."

करवत थांबली. वर धाकटा ओंडक्यावर धपकन बसल्याचा आवाज आला, आणि मग तो रडतोय की हसतोय हे खालून कळेना.

"दोन दिवस," धाकटा शेवटी म्हणाला. आवाज फाटला होता. "दोन दिवस मी एका पायावर उभा राहून बघतोय, दादा. परसात. भिंतीकडे तोंड करून. आणि तू बुंध्यावर बसून मला पेल्याच्या गोष्टी सांगत होतास."

थोरल्याने मान वर केली तर डोळ्यात भुसा गेला.

"मला पहिल्याच ओढीला कळलं होतं," बायको काठावरून म्हणाली. ती धाकट्याशी बोलत नव्हती. "भुसा सगळा एका बाजूला पडत होता. इतकी वर्षं खाल्लाय, मला कळणार नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, तुम्ही बोलाल. आज बोलाल, उद्या बोलाल." ती म्हणाली, "आज भावजींच्या मागे तुम्ही गेला नसतात, तर मी गेले असते. मग परत आले असते की नाही, मला ठाऊक नाही."

खड्ड्यात कुणीतरी उडी मारली. जागा एकाचीच, त्यामुळे दोघं भाऊ छातीला छाती लागून उभे राहिले. धाकट्याचा जबडा आवळलेला होता. थोरल्याला वाटलं, मारतोय. मारावं असंच वाटत होतं त्याला. धाकट्याने फडक्याचं टोक जिभेने ओलं केलं आणि त्याची हनुवटी धरून वर केली.

"हलू नकोस."

"मी नाही हलत," थोरला म्हणाला. "डोकं हलतं."

धाकट्याने तळहाताने त्याचं डोकं खड्ड्याच्या भिंतीला दाबून धरलं, जरा जोरातच, दुखेल इतकं, आणि डोळ्यातला भुसा टिपून काढला. मग दुसऱ्या डोळ्यातला.

"पुढचीही होडी चुकली," तो म्हणाला. "आता उद्यापर्यंत काय करायचं?" आणि त्याने ते फडकं भावाच्या नाकातोंडावर बांधून मागे गाठ मारली. वर चढायला हात टेकले, एका उडीत गेला. मांजरासारखा गेला. थोरल्याने ते बघितलं आणि पुन्हा तोच हेवा वाटला, जुना, ओळखीचा. तो गेला नव्हता, जाणारही नव्हता.

वर बायको धाकट्याला काहीतरी म्हणाली, आणि तो नाइलाजाने हसला.

"काय झालं हसायला?" थोरल्याने फडक्याआडून विचारलं.

"खालच्याने वर बघायचं नसतं," ती म्हणाली. "ओढा."